चाकणच्या कारखान्यात कंपनीचे स्वतःचे डेटा सेंटर: विजेची बचत आणि अखंड सेवा एकत्र कशी साधावी?

प्रश्न : चाकण_विद्युत

नमस्कार. आमची कंपनी वाहनांचे सुटे भाग बनवते. कार्यालयाच्या तळमजल्यावरची सध्याची सर्व्हर रूम गेली अनेक वर्षे जागा मिळेल तशी वाढत गेली आहे. आता त्याच आवारातील एका रिकाम्या इमारतीत नवे डेटा सेंटर उभारण्यास व्यवस्थापनाने मंजुरी दिली असून विद्युत आणि वातानुकूलन या दोन्ही बाजूंची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. महावितरणचा २२ केव्हीचा पुरवठा आवारात आहे. सर्व यंत्रांच्या नामपट्टीवरील आकड्यांची बेरीज सुमारे ३०० किलोवॉट होते.

दोन सल्लागारांचे प्रस्ताव आले आहेत. पहिल्याने सगळेच दुप्पट दाखवले आहे: ४०० किलोवॉटचे दोन स्वतंत्र यूपीएस, मोठ्या क्षमतेचे डीजी (डिझेल जनरेटर) संच आणि शीतकरणाच्या दोन पूर्ण साखळ्या. हे टियर ४, म्हणजे डेटा सेंटरच्या अखंडतेच्या वर्गीकरणातील सर्वांत वरच्या दर्जाच्या धर्तीवर आहे, असे त्याचे म्हणणे आहे. दुसऱ्याने प्रत्येक ठिकाणी एकच यंत्र राखीव ठेवून खर्च जवळजवळ निम्म्यावर आणला आहे आणि पीयूई, म्हणजे एकूण वीज भागिले प्रत्यक्ष संगणकांना लागणारी वीज, १.४ च्या आत राहील असे लिहून दिले आहे. आजच्या खोलीत हे गुणोत्तर अंदाजे १.९ आहे, कारण पीएसी (सर्व्हरच्या खोलीसाठीची खास वातानुकूलन यंत्रे) १९ अंशांवर लावलेले आहेत आणि संपूर्ण खोली थंड केली जाते.

संचालक मंडळात दोन तट पडले आहेत. बंद पडू नये म्हणून वीज जाळावीच लागेल, असे एका बाजूला वाटते. काटकसर हवी असेल तर थोडी जोखीम पत्करावी लागेल, असे दुसरी बाजू म्हणते. ज्यांनी असे प्रकल्प प्रत्यक्ष चालवले आहेत, त्यांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

उत्तर : भार_आणि_ब्रेकर

आपल्या प्रश्नातील सर्वांत महत्त्वाचा आकडा ३०० किलोवॉट हा आहे आणि तोच सर्वांत कच्चा आहे. नामपट्टीवर वीजपुरवठा युनिटची कमाल क्षमता लिहिलेली असते. सर्व्हर प्रत्यक्षात त्याच्या निम्म्यानेही वीज घेत नाही, असे बहुतेक ठिकाणी आढळते. प्रस्तावांचा विचार करण्यापूर्वी सध्याच्या यूपीएसच्या आउटपुटवर मीटर लावून किमान एका महिन्याची नोंद घ्यावी, आणि त्यात महिनाअखेरचे हिशेब चालतात ते दिवस अवश्य यावेत.

हे एवढ्या आग्रहाने सांगण्याचे कारण असे की, मोठा आकडा धरून केलेली रचना दोन्हीकडून मारते. समजा प्रत्यक्ष भार १२० किलोवॉट निघाला. पहिल्या प्रस्तावातील प्रत्येक यूपीएसवर ६० किलोवॉट, म्हणजे क्षमतेच्या अवघा १५ टक्के भार येईल. चांगला दुहेरी रूपांतराचा यूपीएस निम्म्या भाराच्या वर ९४ ते ९७ टक्के कार्यक्षमतेने चालतो. १५ टक्क्यांवर ती लक्षणीय घसरते, आणि जी वीज त्यात वाया जाते ती उष्णता होऊन पुन्हा शीतकरणावर भार टाकते. डीजीचेही तसेच. मोठे इंजिन वर्षानुवर्षे हलक्या भारावर चालले की न जळालेले इंधन आणि काजळी एग्झॉस्टमध्ये साचते, आणि गरजेच्या दिवशी पूर्ण भार घेताना तेच इंजिन दगा देते. म्हणजे मोठ्या आकाराने विश्वासार्हता वाढेल ही समजूतच तपासून पाहायला हवी.

टियर या शब्दाचाही खुलासा करतो, कारण तो बैठकांत फार सैल वापरला जातो. अपटाइम इन्स्टिट्यूटच्या वर्गीकरणात टियर ३ चा अर्थ असा की, कोणतेही एक यंत्र किंवा वितरणाचा कोणताही एक मार्ग देखभालीसाठी बंद करता येतो आणि तरीही संगणक चालू राहतात. टियर ४ मध्ये अचानक झालेला कोणताही एक बिघाडही यंत्रणेने आपोआप पेलायचा असतो, दोन्ही बाजू भिंतींनी वेगळ्या ठेवायच्या असतात आणि शीतकरणात क्षणाचाही खंड पडता कामा नये. कारखान्याच्या डेटा सेंटरला माझ्या मते टियर ३ चा अर्थ पुरेसा आहे, प्रमाणपत्र घ्यायचे नसले तरीही. दुसऱ्या सल्लागाराला एवढेच विचारा की मुख्य एलटी (कमी दाबाच्या वीज वितरणाच्या) पॅनेलचा एखादा ब्रेकर बदलायचा असेल तर काय बंद करावे लागेल. यंत्रे राखीव आणि पॅनेल मात्र एकच, अशी रचना कागदावर स्वस्त दिसते. पहिल्या देखभालीलाच रविवारी रात्री सगळे बंद करण्याची परवानगी मागावी लागते.

मी स्वतः असे करीन: दोन स्वतंत्र मार्ग, अ आणि ब. प्रत्येक मार्गावर मॉड्युलर यूपीएस, ज्याच्या एका चौकटीत ५० किलोवॉटचे भाग हवे तेवढे घालता येतात. आज लागतील तेवढेच घ्या आणि चौकटीत जागा ठेवा. नियमांचाही एक मुद्दा येथेच नोंदवतो. डिझेल १,००० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या टाक्यांत आणि एकूण २,५०० लिटरपर्यंत साठवले तर पेट्रोलियम कायद्याखालील परवाना लागत नाही. म्हणूनच आपल्याकडे ९९० लिटरच्या टाक्या सर्वत्र दिसतात. टियरच्या निकषानुसार किमान १२ तासांचे इंधन जागेवर हवे. प्रत्यक्ष भार कमी निघाला, तर हे दोन्ही एकदम साधते आणि परवान्याचा वेळ वाचतो.

उत्तर : पुणे_शीतकरण

वरील उत्तराशी मी सहमत आहे. शीतकरणाबद्दल सविस्तर लिहितो, कारण १.९ आणि १.४ यांतील जवळजवळ सगळे अंतर तेथेच आहे.

पहिली गोष्ट तापमानाची. वातानुकूलन अभियंत्यांच्या ॲश्रे या संस्थेच्या शिफारशीत सर्व्हरच्या तोंडाशी येणाऱ्या हवेचे तापमान १८ ते २७ अंश सांगितलेले आहे, आणि ही मर्यादा २००८ पासून तीच आहे. १९ अंश ही आपल्याकडची जुनी सवय आहे. तिचे मूळ कारण असे की, गरम हवा रॅकवरून (सर्व्हर ठेवण्याच्या उंच मांडणीवरून) वळून पुन्हा पुढच्या बाजूला येते आणि एखाद्या रॅकच्या वरच्या सर्व्हरला ३० अंशांची हवा मिळते. मग त्या एका सर्व्हरसाठी सगळी खोली थंड केली जाते. उपाय पत्र्याचा आणि प्लास्टिकचा आहे. रॅकच्या रांगांमधील गरम आणि थंड मार्गिका वेगळ्या करून एका बाजूला छत आणि दारे लावा, रॅकमधील प्रत्येक रिकाम्या जागेवर ब्लँकिंग पॅनेल बसवा, केबल जातात त्या फटींना ब्रश लावा. एका ठिकाणी मी नुसत्या पाहणीला गेलो होतो: रॅकच्या मागे धरलेला कागदाचा कपटा पुढे ओढला जात होता, म्हणजे गरम हवा रॅकमधूनच उलटी येत होती. रिकाम्या चौकटी झाकल्यावर त्याच रॅकच्या पुढचे तापमान पीएसीला हात न लावता उतरले.

ही बंदिस्ती झाल्यावरच तापमान वाढवावे, आधी नव्हे. मी २४ ते २५ अंशांवर थांबेन. २७ च्या जवळ गेल्यावर सर्व्हरच्या आतील पंखे वेग घेतात, आणि ती वीज संगणकांच्या खात्यात मोजली जात असल्यामुळे पीयूई सुधारलेला दिसतो, बिल मात्र वाढते. पीयूईच्या मागे लागणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. ज्या आकड्याला व्यवस्थापनाने बांधून घ्यावे तो एकूण युनिटचा आहे.

दुसरी गोष्ट पंख्यांची, आणि येथे संचालक मंडळातील वादाचे थेट उत्तर मिळते. पंख्याची वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. समजा तीन पीएसी पुरेसे आहेत आणि चौथा राखीव आहे. चौथा बंद ठेवून तीन पूर्ण वेगाने चालवले, तर पंख्यांची वीज ३ एकक धरू. तेवढीच हवा चारही यंत्रे ७५ टक्के वेगाने चालवून मिळते, आणि तेव्हा प्रत्येकाला सुमारे ०.४२ एकक, म्हणजे एकूण १.७ एकक वीज लागते. पंख्यांची ४० टक्क्यांहून अधिक वीज वाचते, शिवाय एखादे यंत्र बंद पडले तर उरलेली तीन आधीच चालू असतात, नुसता वेग वाढवतात. राखीव क्षमता येथे वीज वाचवते. अट एकच, की पंखे वेग बदलणारे, ईसी मोटरचे असावेत.

तिसरी गोष्ट पुण्याच्या हवेची. पावसाळ्यात येथील बाहेरच्या हवेचा दवबिंदू २० अंशांच्या वर असतो. खोलीत अशी हवा शिरत राहिली आणि पीएसीमधून ७ अंशांचे पाणी फिरत असेल, तर यंत्राची बरीच शक्ती हवेतील पाणी काढण्यात जाते. मग हवा फार कोरडी झाली म्हणून शेजारचा पीएसी आर्द्रता वाढवू लागतो. दोन यंत्रे दिवसभर एकमेकांच्या विरुद्ध काम करतात आणि कोणालाही बिघाड दिसत नाही, कारण खोलीचे तापमान बरोबर असते. म्हणून खोली हवाबंद करावी, बाहेरची थोडी ताजी हवा वेगळ्या छोट्या यंत्रातून कोरडी करून घ्यावी, आणि चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पाणी १८ अंशांच्या आसपास ठेवावे. त्या तापमानाला कॉइलवर दव धरत नाही. शिवाय पाण्याचे तापमान दर अंशाने वाढवले की चिलरची वीज साधारण २ ते ३ टक्क्यांनी कमी होते, हा दुसरा लाभ.

१८ अंशांचे पाणी जाऊन २६ अंशांनी परत येत असेल, तर बाहेरची हवा त्या परतीच्या पाण्याहून काही अंशांनी थंड असेल तेव्हा तेव्हा फ्री-कूलिंग कॉइल (बाहेरच्या हवेनेच पाणी थंड करणारी नळ्यांची जाळी) चिलरचा थोडा तरी भार उचलते. नोव्हेंबर ते फेब्रुवारीच्या रात्री चाकणला १० ते १५ अंशांपर्यंत उतरतात. त्या काळात कॉम्प्रेसर बरेच तास विश्रांती घेऊ शकतो. बाहेरची हवा थेट खोलीत घेण्याचा मोह मात्र टाळावा. औद्योगिक वसाहतीतील धूळ, रंगकाम आणि प्लेटिंगचे वायू सर्किट बोर्डवरील तांबे आणि चांदी खातात. खात्री करायची असेल तर तांब्याच्या आणि चांदीच्या चाचणीपट्ट्या महिनाभर टांगून प्रयोगशाळेत तपासता येतात.

पाण्याच्या बाष्पीभवनावर चालणारे शीतकरणही सुचवले जाईल, कारण एप्रिल-मेमधील कोरड्या हवेत ते उत्तम चालते. हिशेब करून पाहा. एक किलोवॉट-तास उष्णता बाहेर टाकायला सुमारे दीड लिटर पाणी वाफ होऊन जाते. १३० किलोवॉटला दिवसाला साडेचार हजार लिटरच्या वर, आणि क्षार साचू नयेत म्हणून सोडून द्यावे लागणारे पाणी धरले तर सहा हजारांच्या आसपास. ज्या महिन्यात त्याची सर्वाधिक गरज, त्याच महिन्यात टँकर शोधावा लागतो. विजेबरोबर पाण्याच्या पुरवठ्यावरही डेटा सेंटर अवलंबून ठेवणे या आकारासाठी मला पटत नाही. हवेने थंड होणारे, वेग बदलणारे चिलर घ्यावेत.

चाकण_विद्युत

दोघांचेही मनापासून आभार. यूपीएसच्या नोंदीत मागील वर्षाचे आकडे सापडले: सरासरी ११८ किलोवॉट आणि कमाल १३१. म्हणजे सरासरी भार नामपट्टीच्या बेरजेच्या ४० टक्क्यांहूनही कमी. आयटी विभागाचा अंदाज आहे की पुढील पाच वर्षांत भार २०० किलोवॉटच्या वर जाणार नाही.

आपल्या पद्धतीने हिशेब केला. १२० किलोवॉटवर पीयूई १.९ ऐवजी १.४ झाला, तर ६० किलोवॉट सतत वाचतात, म्हणजे वर्षाला सव्वापाच लाख युनिट. युनिटला ९ रुपये धरले तरी ही रक्कम सुमारे ४७ लाख होते. हा आकडा पाहून मंडळातील चर्चेचा सूर बदलला आहे.

आता एक शंका. वीज गेल्यावर सर्व्हर यूपीएसवर चालतील, पण डीजी येऊन चिलर पुन्हा सुरू होईपर्यंत खोली किती वेळ तग धरेल? तापमान आधीच २५ अंशांवर नेले, तर हा अवधी कमी होणार नाही का?

उत्तर : पुणे_शीतकरण

शंका अगदी रास्त आहे. अवधी कमी होतोच, आणि बंदिस्त मार्गिकेत हवा थोडी असल्यामुळे तो मिनिटांतच मोजावा लागतो. डीजी १० ते १५ सेकंदांत येतो. चिलरचा कॉम्प्रेसर मात्र स्वतःच्या सुरक्षाक्रमातून जाऊन पूर्ण क्षमतेला यायला काही मिनिटे घेतो. त्या काळासाठी थंड पाण्याची टाकी ठेवावी. एक घनमीटर पाणी ८ अंशांनी तापले की सुमारे ९.३ किलोवॉट-तास उष्णता शोषते. २०० किलोवॉटला पाच मिनिटांसाठी सुमारे १७ किलोवॉट-तास लागतात, म्हणजे दोन घनमीटरपेक्षा थोडे कमी. अडीच हजार लिटरची टाकी निश्चिंतपणे पुरते. फक्त पंप आणि पीएसीचे पंखे यूपीएसवर घ्यायला विसरू नये, अन्यथा टाकीतले थंड पाणी टाकीतच राहील. ही टाकी स्वस्त आहे आणि खोली १९ अंशांवर ठेवून साठवलेल्या थंडाव्यापेक्षा कितीतरी भरवशाची आहे.

चिलर छतावर ठेवणार असाल तर त्यांची निवड ४० अंशांना करू नका. गच्चीवर अनेक यंत्रे एकमेकांची गरम हवा ओढतात आणि मे महिन्यात तेथील तापमान हवामान खात्याच्या आकड्यापेक्षा बरेच वर असते. लंडनमध्ये १९ जुलै २०२२ रोजी पारा ४० अंशांवर गेला तेव्हा गूगल आणि ओरॅकल या दोघांच्याही तेथील केंद्रांतील शीतकरण कोलमडले होते. आपल्याकडे ४५ ते ४६ अंशांना पूर्ण क्षमता देणारे यंत्र मागावे.

उत्तर : रात्रपाळी_नवीमुंबई

मी महापे परिसरात डेटा सेंटरच्या संचालनात आहे. वरील चर्चा रचनेची झाली. मला स्वीकृती-चाचणीबद्दल लिहायचे आहे, कारण निविदेत तिला बहुधा अर्धे पान मिळते.

दोन मार्ग असणे आणि प्रत्येक सर्व्हर खरोखर दोन्ही मार्गांवर असणे यांत मोठे अंतर असते. ऑगस्ट २०१६ मध्ये अटलांटा येथे डेल्टा एअरलाइन्सच्या केंद्रात विजेचा बिघाड झाला, तेव्हा सुमारे ७,००० पैकी ३०० सर्व्हर पर्यायी पुरवठ्याला जोडलेलेच नव्हते असे पुढे आले, आणि कंपनीला हजारो उड्डाणे रद्द करावी लागली. असाच प्रकार लहान प्रमाणात मी एका ठिकाणी पाहिला आहे: ब मार्ग चाचणीसाठी बंद केला आणि एका रांगेतील चार सर्व्हर विझले, कारण कोणीतरी जागा नाही म्हणून दोन्ही वायरी एकाच पट्टीत खोचल्या होत्या. अ मार्गाच्या सर्व वायरी लाल आणि ब मार्गाच्या निळ्या घ्या. रॅकच्या मागे टॉर्च मारला की चूक लगेच दिसते. एकच वीजपुरवठा युनिट असलेल्या उपकरणांसाठी रॅकमध्ये छोटा ट्रान्सफर स्विच (एक मार्ग गेला की दुसऱ्यावर नेणारा) बसवावा. आणि कोणत्याही मार्गावरचा भार त्याच्या क्षमतेच्या ४० टक्क्यांवर जाऊ लागला की वाढ थांबवावी, कारण एक मार्ग गेला की दुसऱ्याला सगळे घ्यावे लागते.

सर्व यंत्रे जागेवर आल्यावर, एकही सर्व्हर आत नेण्यापूर्वी, रॅकच्या जागी लोड बँक (सर्व्हरइतकी वीज घेणारे हीटर) ठेवून पूर्ण भारावर एकत्रित चाचणी घ्या. महावितरणचा पुरवठा खरोखर बंद करा. मग एक डीजी बंद करा, मग एक चिलर, मग एक यूपीएस. प्रत्येक वेळी सर्व्हरच्या तोंडाशी तापमान किती चढले याची नोंद ठेवा. ही चाचणी कंत्राटात लिहून शेवटच्या देयकाशी बांधली नाही, तर वेळ कमी आहे म्हणून ती टाळली जाईल. यंत्रे बसवायला उशीर झाला की कात्री नेहमी येथेच लागते.

नंतरच्या काळात डीजी दर आठवड्याला रिकामा चालवून समाधान मानू नका. महिन्यातून एकदा किमान ३० टक्के भारावर, शक्यतो प्रत्यक्ष भारावर चालवा. डीजी सुरू न होण्याचे अगदी नेहमीचे कारण इंजिन नसून स्टार्टर बॅटरी असते. ती ठरावीक मुदतीत बदलावी, ती मरण्याची वाट पाहू नये. पावसाळ्यानंतर टाकीच्या तळाचे डिझेल काढून त्यात पाणी आहे का ते पाहावे. इंधनाची टाकी आणि पंप कोठे आहेत हेही नकाशावर बोट ठेवून विचारा. ऑक्टोबर २०१२ च्या सँडी वादळात न्यूयॉर्कच्या एका इमारतीत जनरेटर वरच्या मजल्यावर सुरक्षित होते, पण इंधनाचे पंप तळघरात बुडाले. केंद्र चालू ठेवण्यासाठी लोकांनी बादल्यांनी सतरा मजले डिझेल वर वाहून नेले.

उत्तर : अग्निसुरक्षा_ठाणे

बॅटरीच्या खोलीचा उल्लेख कोणी केला नाही, म्हणून लिहितो.

अलीकडच्या मोठ्या आगी बॅटरी आणि यूपीएसच्या बाजूने आलेल्या आहेत. स्ट्रासबर्ग येथे १० मार्च २०२१ रोजी ओव्हीएच कंपनीची एक संपूर्ण इमारत जळाली. कोरियात ऑक्टोबर २०२२ मध्ये पांग्यो येथील केंद्रात लिथियम-आयन बॅटरीला आग लागली आणि काकाओ या संदेश-ॲप कंपनीच्या सेवा बंद पडल्या. त्याच देशात २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉनच्या शासकीय केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागून ७०९ शासकीय यंत्रणा थांबल्या, आणि सरकारी कर्मचाऱ्यांच्या सामायिक साठ्यातील ८५८ टेराबाइट माहितीची दुसरीकडे प्रत नसल्यामुळे ती कायमची गेली.

म्हणून अ आणि ब मार्गांच्या बॅटऱ्या दोन वेगळ्या खोल्यांत, सर्व्हरच्या दालनाबाहेर, दोन तास आग रोखणाऱ्या भिंतींआड ठेवाव्यात. दोन्ही मार्गांच्या केबल एकाच ट्रेमधून नेल्या तर या भिंतींचा उपयोग उरत नाही. लिथियम घ्यायची असेल तर लोह-फॉस्फेट रसायनाची घ्यावी आणि बॅटरीच्या सेलच्या स्तरावरील आगीच्या चाचणीचा अहवाल मागावा. शिसे-आम्लाच्या बॅटऱ्या घेतल्या तर त्यांची खोली २५ अंशांच्या आसपास ठेवावी लागते. सुमारे दहा अंशांच्या वाढीला त्यांचे आयुष्य निम्मे होते. हे शीतकरणाच्या हिशेबात वेगळे धरावे, सर्व्हरच्या खोलीचे तापमान बॅटरीसाठी खाली आणू नये.

धूर ओढून तपासणारी नळ्यांची यंत्रणा दोन्ही ठिकाणी बसवावी. वायूने आग विझवण्याची यंत्रणा निवडताना नोझल आवाज कमी करणारे घ्यावेत. सप्टेंबर २०१६ मध्ये बुखारेस्ट येथे आयएनजी बँकेत अशा यंत्रणेची नुसती चाचणी घेताना वायूच्या आवाजाने हार्ड डिस्क निकामी झाल्या होत्या.

उत्तर : भार_आणि_ब्रेकर

आपला नवा आकडा धरून डीजीचा हिशेब देतो. १२० किलोवॉटला पीयूई १.४ धरल्यास एकूण १७० किलोवॉट. ३२० केव्हीए, म्हणजे २५६ किलोवॉटचे दोन संच घेतले की एक पुरेसा आणि एक राखीव. या भाराला तासाला सुमारे ४५ लिटर डिझेल लागते, त्यामुळे ९९० लिटरच्या दोन टाक्यांत ४० तासांहून अधिक काळ निघतो आणि परवान्याचा प्रश्न येत नाही. भार २०० किलोवॉटला गेला की एकूण २८० होतील. तेव्हा तिसरा संच लागेल. त्याचा चौथरा, केबलची खंदक आणि पॅनेलमधील ब्रेकरची जागा आजच करून ठेवावी. आठशे किलोवॉटपर्यंतच्या नव्या संचांना आता केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे सीपीसीबी-४ प्लस हे धुराचे निकष लागू आहेत, तेव्हा जुन्या साठ्यातील स्वस्त संचाच्या मोहात पडू नये.

छतावरील सौर वीज जरूर घ्यावी, पण ती कारखान्याच्या एकूण भाराला जोडावी. १७० किलोवॉट अहोरात्र म्हणजे दिवसाला चार हजारांहून अधिक युनिट; त्यासाठी सुमारे १,००० किलोवॉटचे पॅनेल लागतील आणि रात्रीचा प्रश्न तरीही उरेल. २०२२ च्या हरित मुक्त प्रवेश नियमांनी पात्रतेची मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली आहे, त्यामुळे बाहेरून पवन आणि सौर वीज घेण्याचा पर्याय आपल्याला खुला आहे.

चाकण_विद्युत

सर्वांचे आभार. दोन्ही सल्लागारांना एकच सुधारित मागणीपत्र पाठवले आहे: आज १५० किलोवॉट, पुढे २०० पर्यंत वाढ, दोन मार्ग, मॉड्युलर यूपीएस, ३२० केव्हीएचे दोन संच, १८ अंशांचे पाणी, अडीच हजार लिटरची टाकी, वेगळ्या बॅटरी खोल्या आणि लोड बँकवरील एकत्रित चाचणी शेवटच्या २० टक्के देयकाशी जोडलेली. पहिल्या सल्लागाराने चाचणीच्या अटीला लगेच होकार दिला. दुसऱ्याने मुदत मागितली आहे.

एक मुद्दा अजून खुला आहे. उत्पादनाच्या ओळीवरील यंत्रणा आवारातच हवी, हे निश्चित. हिशेब, ईमेल आणि सुट्या भागांच्या नकाशांचा (ड्रॉइंगचा) साठा यांची दुसरी प्रत कोठे ठेवावी?

उत्तर : रात्रपाळी_नवीमुंबई

मुंबई परिसरात ठेवू नये, असे मी म्हणेन, जरी माझे काम तेथेच असले तरी. चाकणहून अंतर कमी आहे आणि पाऊस, वीजवाहिन्या, फायबरचे मार्ग यांचे धोके बऱ्याच अंशी सामायिक आहेत. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा बाजूच्या ४०० केव्ही वाहिन्यांवरील बिघाडाने मुंबई आणि ठाण्याचा बराच भाग एकाच सकाळी अंधारात गेला होता. नागपूर किंवा हैदराबाद येथील भाड्याच्या जागेत चार-सहा रॅक पुरतील. जागा ठरवण्यापूर्वी आयटी विभागाकडून प्रत्येक यंत्रणेसाठी दोन आकडे लेखी घ्या: किती तास बंद चालेल आणि किती मिनिटांची माहिती गमावलेली चालेल. नकाशांच्या साठ्याला चार तास चालत असतील, तर तेथे दिवसरात्र चालू राहणाऱ्या सर्व्हरची गरज नाही. साठा ठेवा, सर्व्हर बंद ठेवा आणि दर तिमाहीत एकदा ते सुरू करून खरोखर काम करून पाहा. तेवढीच वीज तेथेही वाचेल. दोन फायबर घेताना सेवा देणाऱ्या कंपन्या वेगळ्या आहेत एवढ्यावर थांबू नका. दोन्हींचे मार्ग नकाशावर मागवा आणि आवाराच्या फाटकापासून पहिल्या चौकापर्यंत स्वतः चालत जाऊन पाहा, कारण दोन्ही केबल बहुधा त्याच एका खंदकातून गेलेल्या असतात.